फोटोंसाठी मोफत सॉफ्टवेअर निवडताय? आधी एक गोष्ट तपासा

नमस्कार मंडळी.

लॅपटॉपवर एक फोल्डर असतं. आत मोबाइलचे फोटो, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो, व्हॉट्सॲपवर आलेले, आणि घरातल्या कुणीतरी अल्बममधून स्कॅन करून ठेवलेले. मिळून चारपाच हजार सहज होतात. त्यातून आजीचे सगळे फोटो हवे असतील, तर एकेक उघडून बघत बसावं लागतं. मग आपण इंटरनेटवर मोफत सॉफ्टवेअर शोधतो आणि यादीत पहिलं दिसेल ते टाकून मोकळे होतो.

आज आपण तीन कामांसाठी सॉफ्टवेअर निवडणार आहोत: फोटो बघणं, लावून ठेवणं आणि सुधारणं. त्याआधी प्रत्येक सॉफ्टवेअरला एक प्रश्न विचारायचा. मी फोटोला दिलेलं नाव, तारे, लिहिलेली ओळ, केलेली सुधारणा हे सगळं तू ठेवतोस कुठे?

(स्क्रीनवर: एक फोटो, शेजारी छोटी फाइल, खाली डेटाबेसचं चित्र)

जागा तीनच असतात. फोटोच्या फाइलमध्येच, म्हणजे फोटोबद्दलच्या माहितीच्या कप्प्यात, त्याला मेटाडेटा म्हणतात. फोटोच्या शेजारी एका छोट्या फाइलमध्ये, तिला साइडकार म्हणतात आणि तिचं नाव बहुतेक वेळा एक्सएमपीने संपतं. किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. पहिल्या दोन जागांवरचं काम फोटोंबरोबर नव्या कॉम्प्युटरवर येतं. तिसरीकडचं काम त्या सॉफ्टवेअरपाशीच राहतं.

पिकासा आठवतंय? गुगलने ते 2004 मध्ये विकत घेतलं, आणि मार्च 2016 मध्ये कॉम्प्युटरवरच्या पिकासाचा सपोर्ट थांबवला. आपल्याकडे घरोघरी ते होतं. चेहऱ्यांना नावं दिलेली, हजारो फोटोंवर. ती नावं फोटोतच लिहायची सोय पिकासात होती, पण ती वेगळी चालू करावी लागायची. ज्यांनी केली, त्यांची नावं आजही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येतात. ज्यांनी केली नाही, त्यांची नावं फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये आणि पिकासाच्या स्वतःच्या यादीत राहिली. फोटोंची कॉपी नव्या लॅपटॉपवर घेतली आणि जुना फॉरमॅट केला, की ती गेली.

गुगल फोटोजचंही थोडं लक्षात ठेवा. टेकआउट या गुगलच्याच सोयीतून सगळे फोटो उतरवले, की तिथे लिहिलेलं वर्णन फोटोत नसतं, सोबतच्या जेसॉन फाइलमध्ये असतं. म्हणून त्या फाइली कचरा समजून पुसू नका.

आता पहिलं काम, नुसतं बघणं.

विंडोजवर इरफानव्ह्यू. 1996 पासून चालू आहे, आकाराने अगदी लहान, आणि दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही झटकन उघडतं. घरच्या वापरासाठी मोफत, पण फोटो स्टुडिओ किंवा दुकानात वापरायचं असेल तर लायसन्सचे पैसे भरावे लागतात. मॅक किंवा लिनक्स असेल तर एक्सएनव्ह्यू एमपी घ्या. तेही खाजगी वापराला मोफत आहे.

इरफानव्ह्यूमध्ये दोन गोष्टी नीट शिकून घ्या. पहिली, फोटो फिरवणं. आडवा आलेला फोटो आर किंवा एल दाबून सरळ केला आणि सेव्ह केला, तर जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, पुन्हा नव्याने दाबली जाते आणि थोडा दर्जा जातो. त्याऐवजी शिफ्ट आणि जे दाबा. तिथे फोटो न उलगडता फिरवायची सोय आहे. त्यासाठी इरफानव्ह्यूचे प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, वेगळे टाकावे लागतात, ते त्यांच्याच साइटवर मिळतात.

(स्क्रीनवर: चौकोनांत विभागलेला फोटो, उजव्या कडेला अरुंद पट्टी)

यात एक गंमत आहे. जेपेग फोटोचे चौकोन पाडते, मोबाइलच्या फोटोत बहुतेक वेळा 16 बाय 16 पिक्सेलचे. फोटो 4032 बाय 3024 असेल तर दोन्ही बाजूंना 16 ने पूर्ण भाग जातो, फोटो बिनतोड फिरतो. पण 4000 बाय 3000 असेल तर 3000 ला 16 ने भागून 8 पिक्सेल उरतात. अर्धा चौकोन. मग सॉफ्टवेअर ती 8 पिक्सेलची पट्टी कापतं, नाहीतर कडेला चुकीच्या जागी ठेवतं. कधी फिरवलेल्या फोटोच्या कडेला बारीक विचित्र रेघ दिसली असेल, तर ती हीच.

दुसरी गोष्ट, एका झटक्यात सगळे फोटो लहान करणं. लग्नाचे तीनशे फोटो पाहुण्यांना पाठवायचेत. बी दाबा, बॅच कन्व्हर्जन उघडतं. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन लांब बाजू 1600 पिक्सेल करा, आणि लहान फोटो मोठे करू नयेत ही खूण लावा. आता सगळ्यात महत्त्वाचं: तयार फोटो जाण्याचं फोल्डर वेगळं निवडा. तेच फोल्डर ठेवलं आणि जुन्या फाइलवर नवी लिहायची परवानगी दिली, तर तीनशे मूळ फोटो कायमचे लहान होतात. अन्डू नाही. कॅमेऱ्याचं कार्ड तोवर फॉरमॅट झालेलं असेल, तर तिथून परत यायचा रस्ता नाही.

आता खरं काम, लावून ठेवणं. इथे माझं मत स्पष्ट आहे: डिजिकॅम घ्या.

ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, केडीई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाचं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि दुकानदार असो वा घरगुती, कुणालाच पैसे नाहीत. सुरुवातीला बोजड वाटतं, मेनू फार आहेत. पण आपला पहिला प्रश्न विचारला तर उत्तर सर्वांत चांगलं इथे मिळतं. फक्त ते उत्तर तुम्हाला सेटिंगमध्ये जाऊन पक्कं करावं लागतं.

पहिल्यांदा उघडलं की डिजिकॅम विचारतं, फोटो कुठे आहेत आणि डेटाबेस कुठे ठेवू. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर ते काढता येणाऱ्या डिस्कच्या गटात जोडा. डेटाबेस मात्र लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच ठेवा. नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेला डेटाबेस रखडतो, बिघडतोही. डेटाबेसचा साधा एसक्यूलाइट हा प्रकार निवडा, घरच्या कामाला तो भरपूर आहे.

मग सेटिंग्ज, कॉन्फिगर डिजिकॅम, मेटाडेटा. तिथे फाइलमध्ये काय काय लिहायचं याची यादी दिसते: टॅग (फोटो शोधायला लावलेले शब्द), मथळे आणि ओळी, तारे, तारखा, चेहऱ्यांची नावं. हव्या त्या सगळ्यांवर खूण करा. चेहऱ्यांची खूण बरेच जण विसरतात, आणि पिकासाची गोष्ट पुन्हा घडते. व्हिडिओ आणि कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलींसाठी शेजारच्या टॅबवर जाऊन साइडकार चालू करा.

त्याच पानावर अजून एक बारीक खूण आहे: फाइल बदलली की तिची तारीखही बदलू दे. ती चालू ठेवा. तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर तारीख आणि आकार बघून नवी फाइल ओळखत असेल, तर तारीख न बदललेली फाइल त्याच्या नजरेतून सुटू शकते. फोटो काढल्याची तारीख वेगळी असते, तिला यामुळे धक्का लागत नाही.

टॅग देवनागरीत लिहा, बिनधास्त. फोटोत माहिती लिहायच्या पद्धतीलाही एक्सएमपीच म्हणतात, आणि तिच्यात मराठी व्यवस्थित राहते. फक्त लांबी सांभाळा. आयपीटीसी नावाची जुनी पद्धत अजून सोबत चालते, आणि तिथे एका टॅगला 64 बाइटच मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे साधारण 21 चिन्हं.

(स्क्रीनवर: सुमनआत्याचं लग्न कोल्हापूर, 74 बाइट)

हा एकच टॅग 74 बाइटचा होतो, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेपटी तुटते. त्याचे तीन टॅग करा: सुमनआत्या, लग्न, कोल्हापूर. शोधतानाही हेच बरं पडतं, कारण कोल्हापूर म्हटलं की अंबाबाईच्या दर्शनाचे फोटोही येतात.

व्हॉट्सॲपच्या फोटोंचं दुखणं वेगळं. नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती निघून जाते, तारीखसुद्धा. अँड्रॉइडवर निदान फाइलच्या नावात तारीख असते: आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवस सलग, मग डब्ल्यूए. डिजिकॅमच्या टाइम ॲडजस्टमध्ये फाइलच्या नावावरून तारीख घ्यायची सोय आहे. पाचशे फोटो एकदम निवडून करता येतं. पण ती तारीख फोटो तुमच्याकडे आल्याची आहे, काढल्याची नाही. दिवाळीचे फोटो काकांनी डिसेंबरात पाठवले असतील तर डिसेंबरच लागेल. पुढच्या वेळी काकांना सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

हेच फोटो दोनदोन, तीनतीनदा साठलेले असतात. हुबेहूब फाइली शोधणारी सॉफ्टवेअर इथे फसतात, कारण व्हॉट्सॲपची कॉपी पुन्हा दाबलेली असते, आतून एकही बाइट जुळेल असं नाही. डिजिकॅम आधी प्रत्येक फोटोच्या दिसण्याचा ठसा बनवतं आणि ठसे ताडून बघतं. साम्य 90 टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा. जोडी दिसली की पिक्सेल बघा, जास्त पिक्सेलवाला ठेवा. आणि पुसलेले फोटो डिजिकॅम लगेच पुसत नाही, त्याच डिस्कवर एका लपलेल्या कचराफोल्डरात ठेवतं. आठ जीबी पुसूनही जागा का वाढत नाही, याचं उत्तर तिथे आहे. डिजिकॅममधूनच तो कचरा रिकामा करा.

चेहरे ओळखण्याचं काम लॅपटॉपवरच होतं, फोटो बाहेर जात नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या फाइली मात्र सुरुवातीला डाउनलोड करू द्या, नाहीतर चेहरे सापडणारच नाहीत. हजारो फोटो असतील तर रात्री लावून झोपा.

आता सुधारणं. कापणं, थोडा उजेड वाढवणं, तिरका फोटो सरळ करणं एवढंच हवं असेल, तर डिजिकॅमचा एडिटर पुरेसा आहे. तो मूळ फाइल तशीच ठेवून नव्या नावाने आवृत्ती करू शकतो. एक पथ्य पाळा: सुधारलेल्या जेपेगवर पुन्हा पुन्हा सुधारणा करू नका. दर सेव्हला चौकोन नव्याने दाबले जातात. काही बदलायचं असेल तर मूळ फोटोवरून परत सुरू करा.

जुना स्कॅन केलेला फोटो किंवा फोटोवर मराठी अक्षरं हवी असतील, तर गिम्प. मुक्त सॉफ्टवेअर, मार्च 2025 मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली.

अल्बममधला 4 बाय 6 इंचाचा रंगीत फोटो घ्या. 600 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके, स्कॅन करा, म्हणजे 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात, आणि दर्जा न घालवणाऱ्या टिफ फाइलमध्ये ठेवा. स्कॅनरची आपोआप रंग सुधारायची खूण काढून टाका. सत्तरच्या दशकातले बरेच प्रिंट लालसर दिसतात, कारण त्यांतलं सायन, म्हणजे हिरवट निळं, रंगद्रव्य आधी उडालेलं असतं. गिम्पमध्ये आधी लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, कॉपी करा. मग कलर्स, लेव्हल्स. वर चॅनेल लाल निवडा. खाली डोंगरासारखा आलेख दिसेल, त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट मोकळी जागा असेल. डावा काळा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथे सरकवा, उजवा पांढरा त्रिकोण संपतो तिथे. हेच हिरव्याला, हेच निळ्याला.

(स्क्रीनवर: आधीचा आणि नंतरचा फोटो)

तिसरा चॅनेल झाला की पांढरं धोतर पांढरं दिसायला लागतं. चेहरे अजून लालसर वाटले तर लाल चॅनेलचा मधला त्रिकोण किंचित हलवा, फार नाही.

ओरखड्यांसाठी एच दाबून हील टूल. कंट्रोल धरून जवळच्या स्वच्छ जागी क्लिक, मग ओरखड्यावर ब्रश. ब्रश ओरखड्यापेक्षा किंचितच मोठा ठेवा. केसांची किंवा पदराची कड जिथे आहे तिथे हील डाग पाडतं, तिथे क्लोन टूल वापरा.

गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल होते. ती गिम्पचीच, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून जात नाही. जेपेग हवी तर फाइल मेनूत एक्सपोर्ट करा, क्वालिटी 90च्या वर. एक्ससीएफ टाकून देऊ नका, लेयर त्यातच आहेत.

मराठी अक्षरांसाठी युनिकोड फॉन्ट घ्या. मोफत मिळणारा मुक्ता फॉन्ट चांगला आहे, बालूही. गिम्पमध्ये जोडाक्षरं आणि रफार बरोबर बसतात. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट लावले तर मात्र टाइप एक केलेलं असतं आणि उमटतं भलतंच, कारण ते युनिकोड नाहीत.

कॅमेऱ्यातून रॉ फोटो काढत असाल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी बघा. दोन्ही मूळ फाइलला हात लावत नाहीत, शेजारी छोटी फाइल करतात. नुसते मोबाइलचे जेपेग असतील तर त्यांच्या वाटेला जायची गरज नाही.

हे सगळं खऱ्या फोटोंवर करण्याआधी आजच एक चाचणी करा. वीस फोटोंची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. डिजिकॅममध्ये एका फोटोला आजी असा टॅग द्या, चार तारे द्या, डिजिकॅम बंद करा. आता विंडोजच्या फोल्डरमध्ये त्या फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे टॅगच्या पुढे आजी दिसली आणि तारे दिसले, तर काम फोटोत लिहिलं गेलंय. नाही दिसलं, तर आधी मेटाडेटातल्या खुणा तपासा. त्या असतील तर बघा, फाइल रीड ओन्ली आहे का, सीडीवरून आलेल्या फोटोंचं कधीकधी तसं होतं. आणि आळशी पद्धतीने लिहिण्याची, म्हणजे लेझी सिंक्रोनायझेशनची खूण लागलेली असेल तर ती काढा. ती असताना डिजिकॅम बदल साठवून ठेवतं आणि नंतर लिहितं. वीस फोटोंवर हे जमलं, की मगच चार हजारांना हात घाला.