पाठ मैदानाकडे

(दृश्य: स्टँडच्या उंच पायऱ्या. खचाखच गर्दी, एकाच रंगाच्या टोप्या.)

हा मुलगा बघा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा गणवेश, हातात पांढरे मोजे, कपाळाला घट्ट बांधलेली पट्टी. तेही ऑगस्टच्या उन्हात. त्याच्या शाळेचा बेसबॉलचा सामना सुरू आहे, तो बघायला गावाकडून रात्रभर प्रवास करून बसगाड्या आल्यात, आणि याची पाठ मैदानाकडे! शाळेच्या पाठीराख्यांचा हा म्होरक्या. स्टँडकडे तोंड करून हात फिरवायचे, घोषणा द्यायच्या, आवाज खाली येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. मैदानात काय झालं ते त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळतं.

आपण आहोत जपानच्या ह्योगो प्रांतात, निशिनोमिया शहरातल्या कोशिएन स्टेडियमवर. १ ऑगस्ट १९२४ रोजी हे मैदान सुरू झालं. एरवी हे हानशिन टायगर्स या व्यावसायिक संघाचं घर. पण ऑगस्ट आला की ते लोक बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे खेळायला जातात आणि मैदान शाळकरी पोरांच्या ताब्यात येतं. शालेय बेसबॉलची ही स्पर्धा १९१५ पासूनची, म्हणजे मैदानापेक्षाही जुनी. देशभरातले तीन हजारांहून जास्त संघ आधी आपापल्या प्रांतात लढतात, त्यातून ४९ इथे पोचतात. सगळी स्पर्धा बाद पद्धतीची. एकदा हरलात की घरी.

(दृश्य: सायरन. होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपाशी, समोरासमोर उभे दोन संघ, कमरेतून वाकून नमस्कार.)

प्रत्येक सामना सायरननं सुरू होतो आणि सायरननंच संपतो. १५ ऑगस्टला मात्र दुपारी बारा वाजता आणखी एक सायरन होतो. दुसरं महायुद्ध संपल्याचा तो दिवस. चालू खेळ थांबतो, चेंडू टाकणाऱ्या पिचरपासून बर्फ विकणाऱ्या पोरापर्यंत सगळे मिनिटभर जागच्या जागी उभे राहतात, आणि मग पुढचा चेंडू.

आता कॅमेरा परत स्टँडकडे वळवू, कारण खरी गंमत तिथे आहे.

इनफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या आतल्या चौकोनाच्या, दोन्ही बाजूंना, छप्पर संपतं तिथून पुढे, अल्प्स स्टँड. एका बाजूला एक शाळा, समोर दुसरी. इथे कोणी नुसतं बसलेलं नसतं. बँड आहे, नाचणाऱ्या मुली आहेत, माजी विद्यार्थी आहेत, आईबाप आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा भोंगा. आपला संघ बॅटिंगला आला की बँड सुरू. प्रत्येक बॅटरची धून वेगळी, ती सगळ्यांना पाठ. तीन गडी बाद झाले की बँड गप्प, आता समोरच्या स्टँडची पाळी. कान किटतील एवढा गोंगाट, पण त्यालाही वेळापत्रक.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या मुलीकडे बघा. वाजवायचं थांबली की वाद्यावर आधी टॉवेल टाकते. लाकूड आहे, उन्हानं तडकायचं. स्वतःच्या डोक्यावर काही घ्यायचं तिच्या नंतर लक्षात येतं. ज्या शाळांना एवढा लवाजमा लांबून आणणं परवडत नाही, त्यांच्यासाठी जवळपासच्या शाळांचे बँड येऊन वाजवतात. कालपर्यंत नावही न ऐकलेल्या शाळेच्या धुनी, जीव ओतून.

(दृश्य: संघाचीच जर्सी घातलेली, पण स्टँडमध्ये उभी असलेली मुलं.)

आणि ही मुलं. अंगावर संघाचाच गणवेश, केस बारीक कापलेले, आवाज बसलेला. हे प्रेक्षक नाहीत, खेळाडू आहेत. मोठ्या शाळांच्या बेसबॉल क्लबात शंभराच्या आसपास मुलं असतात. सामन्याच्या संघात जागा मिळते विसांना, तेही २०२३ पासून, त्याआधी अठराच. उरलेले तीन वर्षं तोच सराव करतात, पहाटे तेच मैदान झाडतात, आणि ऑगस्टमध्ये भोंगा घेऊन इथे उभे राहतात.

याचं फार कौतुक होतं. वर्तमानपत्रं दरवर्षी अशा एखाद्या मुलावर हळवा मजकूर छापतात. वाचायला बरं वाटतं. पण एक विचारावंसं वाटतं: लहान शाळेत गेला असता तर हाच मुलगा कदाचित मैदानात उतरणाऱ्या पहिल्या नऊ जणांत असता. नामांकित शाळेत येऊन भोंगा धरणं हा त्याचा निर्णय खरा, पण पंधराव्या वर्षी घेतलेला. आणि त्याच्या त्यागावर टाळ्या वाजवणारे आपण सगळे सावलीत बसलेलो. अल्प्सवर छप्पर नाही. बाकीचं छप्पर तिथपर्यंत वाढवायची योजना आता जाहीर झालीय. खेळाडूंसाठी पाचव्या डावानंतर दहा मिनिटांची विश्रांती २०२३ मध्ये आली, आणि भर दुपार टाळून सकाळ-संध्याकाळ सामने घ्यायचा प्रयोग २०२४ मध्ये. शंभर वर्षांच्या मैदानाला ऊन कळायला वेळच लागला म्हणायचा.

मुलींचंही तसंच. संघाचं पाणी, नोंदवही, सामान सांभाळणाऱ्या मुलीला २०१६ मध्ये सरावाच्या वेळी मैदानाबाहेर काढलं, त्यावर देशभर टीका झाली. पुढच्या वर्षी मुलींना मैदानात मनाई करणारा हा नियम थोडा सैल झाला. २०२१ मध्ये मुलींच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्यांदा या मैदानावर झाला. फक्त अंतिम.

पाठिंब्याचा अतिरेक होतो का? होतो. २०२३ च्या अंतिम सामन्यात एका बाजूला आदल्या वर्षीचा विजेता सेंदाई इकुएई, दुसऱ्या बाजूला केइओ. केइओची मुलं डोकी न भादरता खेळायला आली याचीच आधी बातमी झाली होती. त्यात या शाळेचे माजी विद्यार्थी म्हणजे मोठं प्रस्थ. त्या दिवशी त्यांचा आवाज अल्प्सपुरता राहिला नाही, अख्खं स्टेडियम त्यांचंच वाटत होतं. सेंदाईच्या क्षेत्ररक्षकांकडून एक झेल सुटला. गोंगाटात एकमेकांची हाक ऐकू आली नसेल, असं लोक म्हणाले. केइओ ८-२ नं जिंकलं, १०७ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी चर्चा विजयाइतकीच आवाजाची.

(दृश्य: गुडघ्यावर बसलेली मुलं, दोन्ही हातांनी माती ओढतायत. समोर फोटोग्राफरांची रांग.)

हरलेला संघ जाताना मैदानाची काळी माती पिशवीत भरून नेतो. १९५८ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरून पहिल्यांदा एक संघ इथे आला, शुरी शाळेचा. पहिलाच सामना ०-३ हरला. मुलांनी माती घेतली, बोटीनं घरी गेली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. परदेशची माती म्हणून ती बंदरातच टाकून द्यावी लागली. बातमी वाचून एका विमान कंपनीच्या हवाई सुंदरींनी कोशिएनचे खडे गोळा करून शाळेला पाठवले. दगडांना बंदी नव्हती! ते खडे आजही शाळेच्या आवारातल्या स्मारकात आहेत.

२०२० मध्ये कोरोनामुळे उन्हाळी स्पर्धा रद्द झाली, तेव्हा हानशिन टायगर्सनी ही माती भरलेली कीचेन करून देशभरातल्या बारावीच्या बेसबॉल खेळाडूंना वाटली. जे इथे कधीच पोचले नसते, त्यांनाही.

(दृश्य: सामना संपलाय. जिंकलेल्या शाळेचं गीत सुरू.)

गीत संपताच दोन्ही संघ धावत आपापल्या अल्प्सपुढे जातात, टोप्या काढून वाकतात. स्टँडमधून टाळ्या. पण रेंगाळायला वेळ नाही. दिवसाला चार-चार सामने, पुढची शाळा बाहेर उन्हात ताटकळतेय. भोंगे गोळा करा, कचरा पिशवीत भरा, मोठा ढोल दोघांनी उचला, आणि खाली उतरताना डावीकडून चला, कारण उजवीकडून दुसऱ्या शाळेच्या बँडचा अवजड ट्युबा वर चढतोय.