दोन राज्यांचे एक स्थानक : लाइपझिगचे हाउप्टबानहोफ

मंडळी, आजच्या विषयासाठी मी जर्मनीच्या पूर्व भागातील लाइपझिग या शहराचे मुख्य रेल्वेस्थानक निवडले आहे. शहराच्या मुख्य स्थानकाला जर्मन लोक ‘हाउप्टबानहोफ’ म्हणतात. लाइपझिगच्या हाउप्टबानहोफाचे छपराखालचे क्षेत्रफळ सुमारे ८३ हजार चौरस मीटर आहे आणि त्या हिशेबाने ते युरोपातील सर्वांत मोठे टोकाचे स्थानक मानले जाते. टोकाचे म्हणजे जिथे रूळ इमारतीपाशी येऊन संपतात असे. हा आकडा सांगून बहुतेक जण थांबतात. मला मात्र तो ऐकल्यावर पहिली शंका येते ती ही, की विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम सहा लाख वस्ती असलेल्या शहराला एवढे स्थानक लागले कशाला? या शंकेचे अर्धे उत्तर व्यापारात सापडते आणि उरलेले अर्धे एका वाटणीत.

आधी व्यापाराकडे पाहू. लाइपझिगची जत्रा मध्ययुगापासून नावाजलेली होती. रेल्वे आल्यावर तिचे रूप पालटले आणि १८९५ पासून व्यापारी गाडाभर मालाऐवजी नुसते नमुने घेऊन येऊ लागले. नमुने पाहायचे, सौदा ठरवायचा आणि माल मागाहून कारखान्यातून थेट पाठवायचा, अशी ही पद्धत होती. त्यामुळे जत्रेच्या दिवसांत शहरावर लोटणारी गर्दी मुख्यतः माणसांची असे आणि ती रेल्वेनेच येई.

ही रेल्वेही लाइपझिगला फार लवकर मिळाली. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट याने १८३३ मध्ये साऱ्या जर्मन प्रदेशांसाठी लोहमार्गांचे एक जाळे कागदावर मांडले, तेव्हा त्यात लाइपझिगला मोक्याची जागा दिली होती. त्याचे म्हणणे शहरातल्या व्यापाऱ्यांनी उचलून धरले, कंपनी काढली, आणि ७ एप्रिल १८३९ रोजी लाइपझिग ते ड्रेस्डेन हा सुमारे ११५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. जर्मनीतला लांब पल्ल्याचा हा पहिला लोहमार्ग. त्यापाठोपाठ माग्देबुर्ग, बव्हेरिया, थुरिंगिया, बर्लिन अशा दिशांना मार्ग निघाले. प्रत्येक मार्गाची कंपनी वेगळी आणि प्रत्येकीचे स्थानकही वेगळे. जुन्या गावाच्या उत्तरेला ड्रेस्डेन, माग्देबुर्ग आणि थुरिंगिया या मार्गांची तीन स्थानके शेजारी शेजारी उभी होती, तर बव्हेरियाकडे जाणाऱ्याला शहर ओलांडून दक्षिणेचे स्थानक गाठावे लागे.

आता वाटणीकडे येतो. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत सॅक्सनीच्या, म्हणजे लाइपझिग ज्या जर्मन राज्यात होते त्या राज्याच्या, राजाला त्याने नेपोलियनची साथ दिल्याची किंमत मोजावी लागली आणि त्याच्या राज्याचा मोठा तुकडा प्रशिया या शेजारच्या बलाढ्य जर्मन राज्याने घेतला. लाइपझिग सॅक्सनीकडे राहिले, पण नवी सीमा शहरापासून काही किलोमीटरांवर आली आणि शेजारचे हाले हे शहर तर प्रशियाचेच होते. पुढे १८७६ पासूनच्या काही वर्षांत खासगी कंपन्या सरकारजमा होऊ लागल्या, तेव्हा पश्चिमेकडून व उत्तरेकडून येणारे मार्ग प्रशियाच्या सरकारी रेल्वेकडे गेले आणि पूर्वेकडचे व दक्षिणेकडचे सॅक्सनीकडे. १८७१ नंतर जर्मनी एक साम्राज्य झाले होते हे खरे, परंतु रेल्वे मात्र ज्या त्या राज्याच्याच मालकीच्या राहिल्या होत्या. म्हणजे शहर सॅक्सनीचे, पण त्यात येणाऱ्या निम्म्या गाड्या परराज्याच्या.

विखुरलेली स्थानके मोडून एकच मोठे स्थानक बांधायचे ठरले, तेव्हा ते दोघांनी मिळून बांधायचे हेही ओघानेच आले. सामाईक वाड्याची वाटणी करताना भाऊ जसे ओसरीचे खणसुद्धा मोजून घेतात, तशी इथे मोजणी झाली. पुढे एकूण सव्वीस फलाट झाले, त्यांपैकी १ ते १३ प्रशियाचे आणि १४ ते २६ सॅक्सनीचे. पश्चिमेचे प्रवेशदालन प्रशियाचे आणि पूर्वेचे सॅक्सनीचे. दोन्ही सारख्याच उंचीची, सारख्याच थाटाची. एकाच स्थानकात दोन कारभार शेजारी शेजारी नांदू लागले. प्रवाशाच्या सोयीपेक्षा मालकांच्या मानापानाने इमारतीचा आराखडा ठरला, असे म्हणायला माझी हरकत नाही. मात्र त्या मानापानातून निघालेली वास्तू देखणी आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

या वास्तूसाठी स्पर्धा घेण्यात आली आणि तिला ७६ आराखडे आले. काम मिळाले ते ड्रेस्डेनचे वास्तुविशारद विल्यम लोसो आणि त्यांचे जावई माक्स हान्स क्यूने यांना. १९०९ मध्ये कोनशिला बसली. वालुकाश्मात बांधलेला दर्शनी भाग २९८ मीटर लांब असून त्यावर नक्षीचा सोस नाही. दोन्ही प्रवेशदालनांच्या भव्य कमानींवरच सगळी भिस्त आहे. आत शिरून जिना चढले की प्रवासी एका आडव्या दालनात येतो. हे दालन २६७ मीटर लांब, ३३ मीटर रुंद आणि २७ मीटर उंच आहे, आणि सगळे फलाट त्यालाच येऊन मिळतात. माझ्या मते स्थानकाचा खरा आत्मा इथे आहे, कारण दर्शनी भागाने दाखवलेली दुफळी या दालनात विरून जाते. कोणत्याही दाराने आत आलेला माणूस इथे पोचला की त्याला सगळ्या गाड्या एका रांगेत दिसतात. त्यामागे पोलादी कमानींचे सहा पाखी छप्पर फलाटांवर पसरलेले आहे.

चालत्या गाड्या न थांबवता हे काम टप्प्याटप्प्याने करण्यात आले. १९१२ मध्ये पहिले फलाट सुरू झाले आणि ४ डिसेंबर १९१५ रोजी स्थानक पूर्ण झाले. तोवर महायुद्ध सुरू होऊन सव्वा वर्ष लोटले होते आणि लोसो १९१४ मध्येच निवर्तले होते. एकूण योजनेचा सुमारे १३ कोटी ७० लाख मार्कांचा खर्च दोन्ही राज्ये, टपाल खाते आणि नगरपालिका यांनी मिळून उचलला. गंमत अशी, की ज्या दुहेरी मालकीसाठी एवढा आटापिटा केला, ती पुरती पाच वर्षेही टिकली नाही. १९१८ मध्ये दोन्ही राजे गादीवरून गेले आणि १ एप्रिल १९२० रोजी सगळ्या राज्यांच्या रेल्वे एका राष्ट्रीय रेल्वेत विलीन झाल्या.

त्यानंतरच्या काळातली एक गोष्ट थोडक्यात, पण गंभीरपणे सांगायला हवी. नाझी राजवटीत, २१ जानेवारी १९४२ रोजी, लाइपझिगच्या ज्यू नागरिकांना हद्दपार करून लाटव्हियातील रिगाकडे नेणारी पहिली गाडी या शहरातून निघाली. तिच्यामागून आणखी गाड्या गेल्या आणि त्यांतले फार थोडे लोक परतले. फलाट २४ पाशी आज त्यांचे स्मारक आहे. त्याच रुळावर जुनी इंजिने आणि १९३० च्या दशकातली एक वेगवान डिझेल गाडीही प्रदर्शनासाठी उभी आहे. मुलांना घेऊन इंजिने पाहायला आलेल्या माणसाला ते स्मारक चुकवता येत नाही, आणि ही जवळीक मला योग्य वाटते.

७ जुलै १९४४ च्या हवाई हल्ल्यात आडव्या दालनाचे छत कोसळले आणि पश्चिमेचे प्रवेशदालन उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारने इथे नवी आधुनिक इमारत उभारली असती तर नवल नव्हते, पण त्याने जुने रूपच पुन्हा बांधले आणि हे काम १९६५ पर्यंत चालले. कारण पुन्हा जत्राच होती. वर्षातून दोनदा पश्चिमेचे व्यापारी येत, आणि त्यांच्यापुढे शहराची शोभा राखणे सरकारला आवश्यक वाटे. १९८९ मध्ये मात्र निराळीच गर्दी या इमारतीसमोर आली. ९ ऑक्टोबरच्या सोमवारी निकोलाय चर्चच्या परिसरातून निघालेले सुमारे ७० हजार सरकारविरोधी निदर्शक जुन्या गावाभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याने स्थानकावरून पुढे गेले. तैनात असलेल्या सशस्त्र दलांनी त्यांना अडवले नाही, आणि महिनाभराने बर्लिनची भिंत उघडली.

एकीकरणानंतर प्रश्न उभा राहिला तो एवढ्या अवाढव्य जागेचे करायचे काय, हा. आडव्या दालनाची जमीन फोडून खाली दोन मजले काढण्यात आले आणि १९९७ मध्ये तिथे शंभराहून अधिक दुकानांची बाजारपेठ उघडली. सॅक्सनीच्या बाजूचे शेवटचे दोन फलाट काढून तिथे मोटारींचा वाहनतळ झाला. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही, कारण रिकाम्या दालनापेक्षा वापरातले दालन जास्त काळ टिकते.

मात्र टोकाच्या स्थानकाचे मूळ दुखणे बाजारपेठेने जात नाही. उत्तरेकडून आलेल्या गाडीला दक्षिणेला जायचे तर शहराला वळसा पडे. याची जाणीव बांधकामाच्या वेळीही होती. पूर्वेच्या भागाखाली तेव्हाच बोगद्याचा एक तुकडा बांधून ठेवला होता, पण युद्धाने काम थांबले आणि दुसऱ्या महायुद्धात त्या तुकड्याचा उपयोग हवाई हल्ल्यांपासून आसरा म्हणून झाला. प्रत्यक्ष बोगदा पश्चिमेच्या बाजूने १४ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाला आणि त्याला सुमारे ९६ कोटी युरो लागले. त्याचे दक्षिणेचे टोक १८४२ च्या बव्हेरियन स्थानकापाशी आहे. तिथली जुनी कमान कामाच्या आड येत होती, म्हणून सुमारे २,८०० टनांची ती अख्खी कमान २००६ मध्ये ३० मीटर सरकवली आणि काम झाल्यावर पुन्हा जागेवर आणली.

या बोगद्यातून प्रामुख्याने उपनगरी गाड्या धावतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या आजही वरच्या जुन्या फलाटांवरच येतात. बर्लिन ते म्युनिक हा नवा जलद मार्ग डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा सर्वांत जलद गाड्यांना लाइपझिगऐवजी हालेत थांबा मिळाला, कारण हालेत गाडी सरळ पुढे निघून जाते. बाकीच्या गाड्या लाइपझिगला येतात. चालक आपल्या कक्षातून उतरतो, मागच्या टोकाच्या कक्षात दुसरा चालक बसतो, आणि ज्या तोंडाने गाडी आत आली त्याच्या उलट तोंडाने ती काही मिनिटांत बाहेर पडते. बर्लिनपासून खिडकीशी पुढे तोंड करून बसलेला प्रवासी तिथून म्युनिककडे पाठमोरा जातो.