धातू पाहू नका, फीत पाहा

गणवेशावर पदकांची रांग दिसली की नजर आधी चकाकीकडे जाते. शौर्यपदकांच्या बाबतीत नेमकी तिथेच फसगत होते. युद्धातले सर्वोच्च पदक, परमवीर चक्र, साध्या कांस्याचे आहे. शौर्यचक्रही कांस्याचेच. आकारही दोन्हींचा एकच: गोल, व्यास जवळपास ३५ मिलिमीटर.

(दृश्य: परमवीर चक्र, जवळून.)

मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे, वर कसलीही रेघ नसलेली जांभळी फीत. हा आराखडा सावित्री खानोलकरांचा. जन्माने त्या युरोपीय, लग्नाने मराठी. पती विक्रम खानोलकर लष्करी अधिकारी. पदक सुरू झाले २६ जानेवारी १९५० रोजी, पण लागू धरले १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणूनच १९४७ च्या काश्मीरमधल्या लढाईसाठी ते देता आले.

(दृश्य: बडगामचा नकाशा, श्रीनगरची धावपट्टी.)

३ नोव्हेंबर १९४७. चौथ्या कुमाऊँ पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. समोरचा शत्रू संख्येने सातपट. माणसे पडू लागल्यावर लाइट मशीनगनची मॅगझिन भरून देण्याचे काम मेजरांनी स्वतःकडे घेतले. ते चालू असतानाच उखळी तोफेचा गोळा दारूगोळ्यावर पडला. मानपत्र सांगते की त्यांच्या कंपनीने शत्रूला सहा तास रोखले आणि तेवढ्या वेळात कुमक मोर्चे घेऊ शकली. पहिले परमवीर चक्र त्यांचे, मरणोत्तर. योगायोग असा की सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या मुलीचे थोरले दीर.

(दृश्य: शौर्यचक्र. हिरवी फीत, तीन उभ्या केशरी रेघा.)

आता दुसरे कांस्य. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना शहीद झाले. त्यांना शौर्यचक्र मिळाले, तेही मरणोत्तर. ही दुसरी मालिका आहे: शत्रूसैन्यासमोरच्या युद्धाबाहेर दाखवलेल्या शौर्याची. अशोक चक्राच्या हिरव्या फितीवर एक केशरी रेघ, कीर्तिचक्राच्या फितीवर दोन, शौर्यचक्राच्या तीन. रेघा वाढल्या की श्रेणी उतरते. इथे बहुतेक जण उलटे वाचतात. अशोक चक्राला सोन्याचा मुलामा असतो, तरी मानाच्या क्रमात ते कांस्याच्या परमवीर चक्रानंतर येते.

परमवीर चक्राच्या खालची युद्धातली पदके, महावीर चक्र आणि वीरचक्र, दोन्ही चांदीची. पहिल्याची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. दुसऱ्याची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. केशरी भाग नेहमी डाव्या खांद्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे. फोटोत तो डावीकडे दिसला आणि पदकेही उजव्या छातीवर असली, तर फोटो छापताना उलटा झाला आहे असे समजा. पदके जागेवर आणि फक्त केशरी भाग चुकीच्या बाजूला असेल, तर फीत उलटी लावली आहे.

लाल फीत, मध्ये बारीक पांढरी रेघ: सेना मेडल. महाडिकांना ते आधीच, शौर्यासाठी मिळाले होते. पण हेच पदक, याच फितीसह, उल्लेखनीय सेवेसाठीही दिले जाते. त्यामुळे नुसती छाती पाहून ते लढाईचे की सेवेचे, हे कळत नाही. त्यासाठी राजपत्रातली नोंदच उघडावी लागते.