आधी उलटायला शिका

(दृश्य: पवई तलाव, सकाळ. जलपर्णीचा हिरवा पट्टा, मागे उंच इमारती.)

मुंबईत कॅनोइंगचा, म्हणजे अरुंद नाव वल्ह्याने पळवायच्या खेळाचा, कोच व्हायचं म्हणणाऱ्याची पहिली गाठ पाण्याशीच पडते. शहराच्या तिन्ही बाजूंना पाणी, तरी नाव घालायला जागा नाही. विहार आणि तुळशी तलावांचं पाणी आपण पितो, तिथे वल्हं चालत नाही. पवई तलाव 1891 सालचा. त्यात जलपर्णी आहे, सांडपाणी आहे, आणि हो, मगरीही आहेत. स्पर्धेला लागतं 1000 मीटर सरळ, संथ पाणी, प्रत्येकी नऊ मीटर रुंदीच्या नऊ लेन मावतील इतकं ऐसपैस. त्यासाठी इथली मुलं भोपाळच्या तलावांकडे बघतात.

मग उरते खाडी. आणि खाडी कुणाच्या वेळापत्रकाने चालत नाही.

(दृश्य: ओहोटीची खाडी. उघडा पडलेला चिखल, तिवरं, आडवी पडलेली होडी.)

कोळीवाड्यातल्या जाणत्याला विचारलं तर तो मोबाइल काढत नाही. तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाला. हिशेब ढोबळ आहे, पण क्लासची वेळ ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला ते नरम असतं. नवख्यांना उतरवायचं ते भांगाच्या दिवसांत आणि चढत्या पाण्यावर. हात थकले तर पाणी त्यांना आत आणेल. उतरत्या पाण्यावर तेच मूल बाहेर जाईल, नाहीतर गुडघाभर चिखलात रुतून बसेल. हे कुठल्याही प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं, पण मुंबईत शिकवणाऱ्याला ते यायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: जलतरण तलाव. लाइफ जॅकेट घातलेली मुलं, उलटलेली नाव.)

पहिला धडा मात्र खाडीत होत नाही, जलतरण तलावात होतो. नाव मुद्दाम उलटवायची. मूल खाली जातं, वर येतं, नाक शिंकरतं आणि पहिल्यांदा किंचाळतं. तिसऱ्या वेळी ते हसायला लागतं. या वेळी कोच वल्ह्याकडे बघत नसतो, चेहऱ्याकडे बघत असतो. पाण्याबाहेर आल्यावर नावेला धरून राहतंय की नावेला सोडून काठाकडे झेपावतंय? नावेला सोडणारं मूल अजून खाडीसाठी तयार नाही. आईवडिलांनी फी भरली असली तरी नाही.

जीव वाचवण्याचं प्रशिक्षण म्हणूनच तंत्राच्या आधी घ्यावं. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत त्याचे अभ्यासक्रम चालतात. तिथून शिकून आलेल्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते: बुडालेल्याचा श्वास थांबला असेल तर आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. नुसती छाती दाबत बसायचं नाही, कारण मुळात कमी पडलेला असतो तो प्राणवायू.

(दृश्य: अरुंद कॅनो. एक मुलगा एका गुडघ्यावर. धक्क्यावर शिकाऊ कोच उभी.)

आता तंत्राकडे येऊ. कयाक या दुसऱ्या प्रकारच्या नावेत बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. स्पर्धेच्या कॅनोमध्ये एका गुडघ्यावर बसायचं, वल्ह्याला एकच पातं आणि तेही एकाच बाजूला मारायचं. एकट्याच्या कॅनोला सुकाणूही नसतं. साहजिकच उजवीकडे मारलं की नाव डावीकडे पळते.

"ताई, ही सरळ जातच नाही!"

शिकाऊ कोच इथे हमखास ओरडते, "अरे, सरळ कर ना!" उपयोग शून्य. मुलगा वल्ह्याच्या टोकाकडे बघत असतो, त्यामुळे मान खाली, खांदा खाली, नाव तिरकी. अनुभवी माणूस दोनच गोष्टी सांगतो. एक, समोरच्या खांबाकडे बघ. दोन, पातं कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळव. अंगठा वळला की पातं पाण्याला बाहेर ढकलतं आणि नावेचं नाक जागेवर येतं. पाच सूचना दिल्या तर मूल एकही पाळत नाही. कोच होणं म्हणजे निम्मं तोंड आवरणं आहे. पट्टीचे खेळाडू शिकवायला लागले की इथेच अडखळतात. त्यांचं मनगट वर्षानुवर्षं आपोआप वळत आलेलं असतं, ते शब्दांत मांडायची वेळच आलेली नसते.

(दृश्य: कागदपत्रांची फाइल, रेल्वेचं तिकीट.)

कागदोपत्री वाट अशी. देशात या खेळाचा कारभार इंडियन कयाकिंग अँड कॅनोइंग असोसिएशन बघते. जागतिक संघटना, म्हणजे इंटरनॅशनल कॅनो फेडरेशन, कोचसाठी पायऱ्यापायऱ्यांचे अभ्यासक्रम चालवते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून कोच घडवते आहे. तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे आणि त्याहून मोठा डिप्लोमा. शरीरशास्त्र, बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), मानसशास्त्र, सरावाचं नियोजन, सगळं आलं. कोणत्या वर्षी कोणते खेळ आहेत, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत बघूनच तिकीट काढा.

हा खेळ आपला नाही असं कुणी म्हणालं तर दोन वर्षं सांगा. 1994, हिरोशिमा आशियाई स्पर्धा: दोघांच्या कॅनोत 1000 मीटरला कांस्य. 2023, हांगझोऊ: त्याच प्रकारात अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांचं कांस्य. मध्ये 29 वर्षं गेली. त्याच हांगझोऊत दिव्यांग खेळाडूंच्या पॅरा आशियाई स्पर्धेत प्राची यादवने सुवर्ण आणि रौप्य मिळवलं. ती भोपाळच्या पाण्यावर घडली.

(दृश्य: संध्याकाळ. शिकाऊ कोच लोकलमध्ये, मांडीवर वही.)

आपली शिकाऊ कोच दिवसा नोकरी करते. शनिवार-रविवारी तिथी बघून मुलांना पाण्यात उतरवते. पावसाळ्यात खाडी बंद, म्हणजे ते उत्पन्नही बंद. त्या महिन्यांत ती दोरखंड तपासते, जॅकेटचे पट्टे शिवते, मुलांकडून जमिनीवर व्यायाम करून घेते. अर्ज भरून तयार आहे. सहा आठवड्यांची रजा मागणारं पत्रही लिहून झालंय. साहेबांची सही तेवढी बाकी आहे.