होडी वर काढली की रेसिंग सुरू

नमस्कार मंडळी!

[मागे शेड. ताडपत्रीखाली होडी, शेजारी जॅकवर चढवलेली गाडी.]

आज मी बोलण्याआधी जरा माझ्या मागे बघा. ताडपत्रीखाली आहे ती आमची फायबरची होडी. तिला खेटून, चाकं काढून उभी आहे ती जुनी पोलो. सीट एकच, आतून सगळा पिंजरा, मागचं गादीबिदी कधीच काढून टाकलंय. दोघींना शेड एक, पान्यांची पेटी एक आणि मालकही एकच. घरच्यांच्या मते दोन्ही बिनकामाच्या.

गोव्यात होडी बाळगणाऱ्यांपैकी काहींना रेसिंगचा नाद असतो. पगारी ड्रायव्हर नव्हेत, स्वतःच्या खिशातून पैसे घालून शनिवार-रविवार ट्रॅकवर गाडी पळवणारे हौशी लोक. दोन्ही एकाच माणसाला कसं परवडतं आणि का आवडतं, असं मला सारखं विचारतात. परवडण्याचं शेवटी सांगतो, ते दोन वाक्यांत संपतं. आवडण्याचं मात्र नीट सांगायला हवं.

उत्तराचा अर्धा भाग कालनिर्णयच्या पानावर आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. वॉटरस्पोर्ट्सही पावसाळ्यात बंद. आमच्यासारख्या हौशी होडीवाल्याला बंदी लागू असो वा नसो, शापोरा नदीच्या मुखावर वाळूचा बांध आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा बघितल्या की कुणी सांगावं लागत नाही. मग मे अखेरीस हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन बोलवायची, पट्टे टाकून होडी उचलायची आणि शेडमध्ये आणून ठेवायची. ती पुन्हा पाण्यात जाणार नारळी पौर्णिमेनंतर, तेही समुद्राचा मूड बघून. तोवर करायचं काय? पत्र्यावर पाऊस ऐकत बसायचं?

आता नकाशावर सह्याद्रीच्या पलीकडे या. आपल्याकडे धो धो कोसळणारा नैऋत्य मोसमी पाऊस घाटावर बराचसा रिकामा होतो. चेन्नईकडे त्याचं थोडंच पोचतं, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्येकडून येतो. आपल्या देशातल्या कार रेसिंगचं माहेर तिकडेच आहे. चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, एक फेरी ३.७१७ किलोमीटरची. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे, त्याच्याहून बराच छोटा. दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, २०११ मध्ये फॉर्म्युला वन तिथेच झाली, पण गोव्याहून गाडी टेम्पोवर घालून तिथे जाणं म्हणजे काशीयात्रा. चेन्नईसुद्धा काही जवळ नाही, पणजीहून साडेआठशे-नऊशे किलोमीटर. गोव्याच्या नावाचा संघ इंडियन रेसिंग लीगमध्ये आहे, 'गोवा एसेस', पण कायमस्वरूपी मोठा ट्रॅक गोव्यात नाही. म्हणून सुरुवात करायची तर आमच्याकडचे लोक घाट चढून कोल्हापूरला जातात, कार्टिंग करायला. पहिलं कार्टिंग मीही तिथेच केलं, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही दंड असे भरून आले की परतीच्या वाटेवर पाण्याची बाटली उघडता येईना.

आणि हो, तिसऱ्या मांडवी पुलावर रात्री गाडी ताणून बघणाऱ्यांना मी रेसर म्हणत नाही. त्यांच्याबद्दल आजच्या व्हिडिओत यापेक्षा जास्त बोलणार नाही.

हा जोडनाद आम्ही काढलेला नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. ब्रिग्ज कनिंगहॅम. अमेरिकन, १९०७ चा जन्म, घरचा गडगंज. १९५० मध्ये हा गृहस्थ फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दोन कॅडिलॅक घेऊन गेला. एक जवळजवळ नेहमीसारखी. दुसरीवर त्याने असं काही बेढब पत्र्याचं अंग चढवलं की फ्रेंच लोकांनी तिचं नावच 'ल मॉन्स्त्र' ठेवलं, म्हणजे राक्षस. तरी दोन्ही गाड्यांनी शर्यत पुरी केली, दहावी आणि अकरावी. मग त्याने स्वतःच्या गाड्या बांधल्या. १९५२ मध्ये तो स्वतः चालवत चौथा आला, १९५३ मध्ये त्याची गाडी तिसरी.

आणि १९५८ मध्ये हाच माणूस, वय ५१, 'कोलंबिया' नावाच्या शिडाच्या नौकेच्या सुकाणूवर उभा राहिला आणि अमेरिकाज कप, म्हणजे शिडाच्या नौकांची नामांकित शर्यत, जिंकला. समोरच्या ब्रिटिश 'सेप्टर'ला एकही शर्यत मिळाली नाही.

तुमच्यापैकी कुणी दोना पावलाला शिडाच्या छोट्या नावा चालवत असेल, तर शिडाच्या पुढच्या कडेला खाली ताण देणारी एक दोरी तुम्ही रोज ओढता. वारा वाढला की ती ओढायची, शिडाचा फुगार पुढे सरकतो, नाव हातात येते. त्या दोरीला काय म्हणतात? कनिंगहॅम. तोच हा. ल मान्सवाला. मला हे कळलं तेव्हा ती दोरी ओढायला लागून चार वर्षं झाली होती.

[जवळून: आउटबोर्ड इंजिनाची मूठ.]

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती या मुठीत आहे. छोट्या होडीचं ओबीएम, म्हणजे मागे लटकणारं इंजिन, ते चालवायला ही एकच मूठ. पिळली की वेग, डावी-उजवीकडे ढकलली की दिशा. वेगळं सुकाणू नाही. पंखा पाणी ज्या दिशेला फेकेल त्याच्या उलट होडी जाणार. मग पंख्याने पाणी फेकणंच बंद केलं तर? दिशा गेली. ब्रेक तर नव्हताच.

मी एकोणीस वर्षांचा असताना शापोराच्या मुखातून आत येत होतो. मामा पुढे बसलेला. सुकतीची वेळ, म्हणजे नदी बाहेर ओढतेय आणि लाटा मागून आत येताहेत, सगळ्यात वाईट जोडी. अशा वेळी एका लाटेच्या पाठीवर बसून तिच्या वेगाने आत जायचं असतं. तिला ओलांडायचं नाही आणि मागचीला आपल्याला गाठू द्यायचं नाही. मी मागे वळून बघितलं. मागची लाट माझ्या डोक्याच्या वर दिसली. घाबरून मी मूठ सोडली.

झालं. इंजिन गप्प, होडीची दिशा गेली, मागच्या लाटेने होडीचा मागचा भाग उचलून बाजूला फेकला आणि आम्ही लाटेला आडवे. मामा ओरडला, "मूठ पीळ, मूठ पीळ!" त्या दोन शब्दांनी आम्ही वाचलो. अर्धी होडी पाण्याने भरली, बर्फाची पेटी गेली, मामाची चप्पल गेली. काठावर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "भीती वाटली तर वाटू दे, हाताला सांगू नको."

आता कारी. माझी दुसरी की तिसरीच ट्रॅकवारी. वळणात जरा जास्त वेगाने शिरलो, बाहेरची कड जवळ यायला लागली आणि एकोणिसाव्या वर्षी मुठीने केलं तेच पायाने केलं. ॲक्सिलरेटर सोडला. गाडीत काय होतं बघा. वळणाच्या मध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात सोडला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि शेपूट पुढे यायला बघते. माझी आली. दीड गिरकी घेऊन मी आलो तिकडेच तोंड करून मातीत उभा. इंजिन बंद, सगळीकडे धूळ, आणि मला ऐकू येतोय मामा.

पाण्यात हात सोडला तर दिशा जाते, ट्रॅकवर पाय सोडला तर पकड जाते. कारणं वेगळी, पण चूक सख्खी बहीण. म्हणून होडीवाल्याला ट्रॅकवर हा धडा लवकर कळतो. माझ्यासारख्याला जरा उशिरा.

काही सवयी मात्र उलट्या आहेत, आणि तिथे गडबड होते. रस्त्यावर आपण डावीकडून जातो. पाण्यात दोन इंजिनवाल्या होड्या समोरासमोर आल्या तर दोघांनी उजवीकडे वळायचं. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, १९७२ चा. नवीन होडीवाला रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीसमोर आला की त्याचा हात आपसूक डावीकडे जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय. तसंच ओलांडण्याचं. पाण्यात मागून ओलांडणाऱ्याने पुढच्या होडीपासून दूर राहायचं. ट्रॅकवर तुम्हाला निळा झेंडा दाखवला, म्हणजे एक फेरी पुढे गेलेला मागून येतोय, तर तुम्ही वाट द्यायची. माझ्यासारख्याला निळा झेंडा फार ओळखीचा.

आता इंजिनाबद्दल, कारण खूप जण विचारतात, गाडीचं इंजिन होडीत बसवलं तर? बसतं की. आपल्या ट्रॉलरांत अशोक लेलँडची इंजिनं धडधडतातच. आणि खुद्द फेरुच्चो लॅम्बोर्गिनीने आपल्या रिव्हा बोटीत स्वतःच्या कंपनीची दोन व्ही-१२ इंजिनं बसवून घेतली होती. पण ती समुद्रासाठी तयार केलेली असतात. गॅरेजमधलं उचलून ठेवलं, असं होत नाही.

पहिलं कारण भार. गाडी सपाट रस्त्यावर निवांत धावते, इंजिनाला विसावा मिळतो. होडी कायम पाणी ढकलत असते, आणि पाणी हवेच्या आठशेपट जड. माणसं भरलेली गाडी चोर्ला घाट चढतेय आणि घाटमाथा येतच नाही, असं समजा.

दुसरं कारण गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीत गळती झाली तर ती खालून निघून जाते. होडी म्हणजे वाडगा. वाफ तळाशी साचून बसते, आणि गाडीच्या साध्या स्टार्टरमधली एक ठिणगी पुरते. म्हणून पेट्रोल इंजिन आत बसवलेल्या होडीत स्टार्टर, अल्टरनेटर ठिणगी बाहेर न टाकणारे असतात आणि चावी फिरवण्याआधी चार मिनिटं पंखा लावून आतली हवा बाहेर काढतात. माझी सवय त्याहून साधी. झाकण उघडायचं, वाकायचं आणि नाक लावून वास घ्यायचा. हे मी आता पोलोबरोबरही करतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, पोरं हसतात, हसू देत.

[जवळून: नटावर पांढरी रेघ.]

आणि ट्रॅकवरून मी होडीवर काय आणलं, ते हे बघा. रेसच्या गाडीत नट ठरल्या ताकदीने आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ मारतात. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाना लावून बघायला नको, नुसता टॉर्च मारायचा. शर्यतीआधी तपासणीवाले येतात तेव्हा तुमची अब्रू या रेघांत असते. गेल्या हंगामात मी होडीच्या मागच्या फळीला ओबीएम धरणाऱ्या चारही बोल्टांवर अशीच रेघ मारली. दिवाळीनंतर एक तुटलेली दिसली. बोल्ट अर्धा फेरा ढिला. तो ढिला होऊन किती दिवस झाले असते, मला कधी कळलंही नसतं.

कागदपत्रांचं पटकन. होडीची नोंदणी पणजीच्या बंदर कप्तान खात्यात. रेसिंगचं लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, त्याआधी डॉक्टरचा दाखला आणि रेसिंग स्कूलचं प्रशिक्षण. आग न धरणारा सूट, हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स, यात काटकसर नाही. एक गंमत बघा, दोन्हीकडे जीव वाचवणारी वस्तू सारखीच आहे. होडीत मनगटाला बांधलेली लाल दोरी, माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. रेसच्या गाडीवर बाहेरून निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चिन्ह, तिथला स्विच फिरवला की सगळी वीज बंद. होडीत ती लाल दोरी गुंडाळून खिशात ठेवणारे मला रोज भेटतात. त्यांना मी मामाच्या चपलेची गोष्ट सांगतो.

आणि पैसे. परवडत नाही. झाली दोन वाक्यं.

[हातात रबराचा छोटा पंखा.]

आज संध्याकाळी करायचं काम हे आहे. ओबीएमच्या पंपातला रबराचा पंखा, समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा. हे पातं बघा, मुळाशी चीर गेलीय. एवढी चीर असली की इंजिनाच्या मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते. मामा दर वेळी इंजिन चालू झालं की विचारायचा, "मुततंय का बघ." नवा पंखा बसवला की ड्रमात गोडं पाणी भरून धार बघू, ती तुम्हाला पुढच्या व्हिडिओत दाखवतो. पोलोचा क्लच अजून खाली काढलेलाच आहे. तो दाखवत नाही, घरचे बघतात हा चॅनल.