छन, चान, तान: एक अक्षर आणि अनेक तोंडं

(दृश्य: चिनी शहरातला बँकेचा काउंटर. फोनवर बोलणारा माणूस एका हाताच्या बोटाने दुसऱ्या तळहातावर काहीतरी लिहितोय.)

चीनमध्ये फोनवर कुणी आडनाव ‘छन’ असं सांगितलं, की पलीकडून विचारणा होते, कोणता छन? कारण ‘छन’ आहे तसा ‘छंग’ही आहे, आणि दक्षिणेकडच्या माणसाच्या बोलण्यात त्या दोघांत फारसा फरक राहत नाही. मग उत्तर येतं: ‘अर दुंग छन’. अर म्हणजे कान, दुंग म्हणजे पूर्व. कान-पूर्ववाला छन. आपण नाही का फोनवर ‘ब बदकातला’ असं सांगत, तसंच.

अक्षर नीट पाहा. डावीकडे कानासारखं चिन्ह, उजवीकडे पूर्व दिशेचं. खरं तर डावीकडे आहे तो कान नव्हेच. ती आहे टेकडी, उंचवटा. लिहून लिहून आक्रसलेला. पण लोकांनी त्याला कान ठरवलं, आणि लोकांपुढे पंडितांचं काय चालणार?

आपल्या वर्तमानपत्रांत हे आडनाव ‘चेन’ असं छापतात. इंग्रजी स्पेलिंगवरून उचललं की असं होतं. बीजिंगचा उच्चार ‘छन’च्या जास्त जवळचा. आज चीनमध्ये या आडनावाची ६ कोटींहून जास्त माणसं आहेत. वांग, ली, झांग आणि ल्यू यांच्यानंतर पाचवा क्रमांक. तो देशभरचा हिशोब झाला. ग्वांगडोंग किंवा झेजियांगसारख्या दक्षिणेकडच्या, किनाऱ्यालगतच्या प्रांतांत मात्र पहिला नंबर छनचा. उत्तरेत वांग नि ली, दक्षिणेत छन. आणि गंमत अशी, की हे आडनाव मुळात दक्षिणेचं नाहीच.

(दृश्य: हेनान प्रांतातलं ह्वाययांग. जुन्या गावाला वेढून असलेला मोठा तलाव, कमळं, होड्या.)

हे ह्वाययांग. पिवळ्या नदीच्या दक्षिणेचं सपाट, शेतीचं मुलूख. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात झोऊ घराण्याच्या वू राजाने शांग राजवट उलथवली. नव्या राजांना जुन्या पुण्यवान राजांची आठवण ठेवावीच लागते, त्याशिवाय गादी शोभत नाही. शुन नावाच्या पुराणकालीन राजाचा वंशज म्हणून ग्वे मान या माणसाला शोधून काढलं. त्याचे वडील झोऊंच्या दरबारात कुंभारकामाचे अधिकारी होते. वू राजाने आपली थोरली मुलगी त्याला दिली, आणि हा प्रदेशही दिला. प्रदेशाचं नाव छन.

म्हणजे छन हे आधी गावाचं, मुलखाचं नाव. सातारचा तो सातारकर, तसा छनचा तो छन. ‘कर’ तेवढा लावायचा राहिला.

त्या काळी माणसाला दोन ओळखी असायच्या. एक कुळाची, ती आईबापांच्या मुळाशी बांधलेली. ग्वे मानचं कुळ ग्वे. दुसरी शाखेची, ती जहागिरीवरून, हुद्द्यावरून, कधी आजोबाच्या नावावरून पडलेली. लग्न जमवताना कुळ बघायचं, एका कुळात लग्न नाही. सगोत्र विवाहाचा वाद ज्यांनी घरात ऐकलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे छिन आणि हान राजवटींत हा भेद पुसला गेला आणि दोन्हींचं मिळून एकच आडनाव उरलं.

(दृश्य: जुन्या पितळी मापाचा क्लोजअप. धान्य ओतण्याचा आवाज.)

आता इसवी सनापूर्वी ६७२. छनच्या राजघराण्यात भाऊबंदकी उसळली, आणि छन वान नावाचा राजपुत्र जीव वाचवून पूर्वेला, छी राज्यात पळाला. तिथला राजा ह्वान त्याला मोठं मंत्रिपद देऊ लागला. वानने नम्रपणे नको म्हटलं आणि कारागिरांच्या देखरेखीचं काम घेतलं. एकदा त्याने राजाला मेजवानीला बोलावलं. दारू रंगली, दिवस मावळला. राजा म्हणाला, दिवे लावा, चालू राहू द्या. वान म्हणाला, मी मुहूर्त दिवसाचा काढला होता, रात्रीचा नाही. राजाला थांबावं लागलं.

असा हा मर्यादशील पाहुणा. त्याच्या वंशजांनी पुढे काय केलं? लोकांना धान्य उसनं देताना ते मोठ्या मापाने देत आणि परत घेताना छोट्या मापाने घेत. दर व्यवहारात तोटा, आणि दर व्यवहारात माणसं आपली. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. शेवटी इसवी सनापूर्वी ३८६ मध्ये झोऊ राजाने या घराण्याला छीचे अधिकृत राजे म्हणून मान्यता दिली. पाहुण्याने यजमानाचं घरच घेतलं. माप मात्र कधी कमी भरलं नाही!

आणि इथे या गोष्टीतला खरा चमत्कार आहे. छीमध्ये या घराण्याला छन म्हणत नाहीत. इतिहासात त्यांचं नाव ‘थ्यान’ असं येतं. अक्षर वेगळं, अर्थ ‘शेत’. आजच्या चिनी माणसाच्या कानाला छन आणि थ्यान यांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. मग नाव का बदललं? कुणी म्हणे जहागिरीवरून, कुणी म्हणे लपण्यासाठी.

अठराव्या शतकात छ्यान दाशिन नावाच्या विद्वानाने साधा मुद्दा मांडला. नाव बदललंच नव्हतं. त्या काळी ही दोन्ही अक्षरं जवळजवळ सारखीच उच्चारत. आजचा ‘छ’ तेव्हा छ नव्हता. जिभेचं टोक दातांमागे टेकवून काढायचा, आपल्या त-द च्या घरातला आवाज होता. पुढे उत्तरेकडे तो बदलत बदलत छ झाला. ‘थ्यान’चा मात्र तसाच राहिला. एका नावाची दोन स्पेलिंगं, इतकंच.

हा ‘त’ लक्षात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे, फार दूर.

(दृश्य: नकाशा. उत्तरेकडून यांगत्से नदी ओलांडणारे बाण.)

छन राज्य इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात छू या बलाढ्य शेजाऱ्याने गिळलं. राज्य गेलं, पण माणसांनी नाव धरून ठेवलं. मग इसवी सन ३११ मध्ये उत्तरेची राजधानी लुओयांग लुटली गेली, आणि घराणीच्या घराणी दक्षिणेला निघाली. दक्षिणेकडच्या किनारी फुजियान प्रांतात आजही सांगतात, त्या वेळी आठ आडनावं डोंगर ओलांडून आली. त्यांत छन एक.

दक्षिणेत ५५७ साली छन बाश्यान नावाचा सेनापती सम्राट झाला आणि त्याने राजवंशाला नाव दिलं छन. चीनच्या इतिहासात राजघराण्याचं आडनाव आणि राजवंशाचं नाव एकच असल्याचं हे एकमेव उदाहरण. टिकला ३२ वर्षं. शेवटचा सम्राट छन शूबाओ कवितांत आणि मैफलींत रमलेला. ५८९ साली उत्तरेच्या स्वे राजवटीचं सैन्य नानजिंगच्या राजवाड्यात शिरलं तेव्हा तो कोरड्या विहिरीत उतरून बसला. शिपायांनी वरून हाका मारल्या, उत्तर नाही. दगड टाकतो म्हटल्यावर आतून आवाज आला. दोर सोडला. ओढताना शिपायांना वाटलं, सम्राट फारच जड दिसतो. वर आले तिघं: सम्राट आणि त्याच्या दोन लाडक्या राण्या.

(दृश्य: जियांगशी प्रांत, डोंगरउतारावरचं गाव.)

त्या विहिरीतल्या सम्राटाच्या एका भावाचे आपण वंशज, असं जियांगशीतल्या एका छन घराण्याची वंशावळ सांगते. हे घराणं एकत्र राहिलं ते तीन शतकांहून जास्त. स्वतंत्र चूल नाही, खाजगी मालमत्ता नाही. वंशावळीतला आकडा आहे ३,९०० हून अधिक माणसं, एका घरची. आपल्याकडे दोन जावांचं एका ओट्यावर जमत नाही, तिथे हे. त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा गोष्ट सांगतात. शंभर कुत्री एका पंगतीला बसायची, आणि एक जरी यायचं राहिलं तर बाकीची नव्याण्णव तोंड लावत नसत. आता कुत्र्यांचं सोडून द्या, पण एवढं मोठं घर कुठल्याही सरकारला खुपणारच. १०६२ साली सोंग सम्राट रेनझोंगच्या हुकुमाने घर वाटलं गेलं. २९१ तुकडे झाले म्हणतात, आणि ते दक्षिण चीनभर पाठवले गेले. आज दक्षिणेत कुठल्याही छनला मूळ विचारा, पुष्कळ जण या वाटणीचं नाव घेतात.

(दृश्य: सिंगापूर नदीजवळचं देऊळ. छपरावर ड्रॅगन, आत उदबत्त्यांचा धूर.)

आता सिंगापूर. मॅगझिन रोडवरचं हे देऊळ १८७० च्या दशकात उभं राहिलं. आतला देव हा माणूस होता, छन युआनग्वांग. सातव्या शतकात थांग सम्राटाने फुजियानच्या दक्षिणेला फौज पाठवली, तिच्यात हा वडिलांबरोबर आला. ६८६ मध्ये झांगझोऊ जिल्हा वसवला, ७११ मध्ये लढाईत पडला, आणि लोकांनी त्याला देव केलं. हजारभर वर्षांनी त्याच किनाऱ्यावरचे लोक जहाजात बसून इथे आले, तेव्हा देवही आला.

देवळाबाहेर या आडनावाची इंग्रजी पाटी वाचा. टी-ए-एन. टॅन. फुजियानी माणूस म्हणतो ‘तान’.

हाच तो ‘त’. फुजियानच्या डोंगरांआड गेलेल्या बोलीने जुना आवाज जपला. राजधानीत तो कधीच हरवला होता. पाहुणा म्हणून छीला गेलेल्या राजपुत्राच्या नावाचा तो पहिला वर्ण आज तुम्हाला बीजिंगमध्ये ऐकू येणार नाही. सिंगापूरच्या टॅक्सीत येईल. तिथे टॅन हे चिनी लोकांतलं सर्वांत मोठं आडनाव आहे.

टॅन काह की हे नाव घ्या. फुजियानमधल्या शियामेनजवळच्या गावचा, सिंगापुरात रबराच्या धंद्यात गब्बर झालेला माणूस. १९२१ मध्ये याने शियामेन विद्यापीठ काढलं आणि धंदा बुडाला तरी १९३७ पर्यंत पदराला खार लावून चालवलं. चीनमध्ये त्यालाच छन ज्यागंग म्हणतात. सिंगापूरच्या मेट्रोत जमिनीखाली एक स्टेशन आहे, टॅन काह की. आणि २९६३ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नाव आहे छन ज्यागंग. एकच माणूस.

(दृश्य: ग्वांगझू. छन घराण्याची पुरातन वास्तू. छपराच्या कडेवर शेकडो मातीच्या बाहुल्या.)

इथल्या कँटनी बोलीत मात्र आवाज वेगळा. आपल्याला इथे एक सोय आहे, मराठीत दोन च आहेत. चहातला वेगळा, चाकातला वेगळा. कँटनीतला हा आवाज चाकातल्या च च्या जवळचा. इंग्रजांनी तो सी-एच लिहिला, आणि आपण तिथून ‘चॅन’ उचलला.

ही वास्तू १८९० च्या दशकात पुरी झाली. ग्वांगडोंगच्या ७२ तालुक्यांतल्या छनांनी वर्गणी काढली. पाटीवर नाव ‘विद्यालय’, पण वर्ग भरवायला कुणी बांधलं नव्हतं. गावाकडची पोरं सरकारी परीक्षेला शहरात आली, कुणी कोर्टकचेरीला आलं, कर भरायला आलं, तर उतरायला जागा हवी. वर्गणी देणाऱ्याच्या पूर्वजाची पाटी आत लागायची. दहा-बारा वर्षांत, १९०५ ला, ती परीक्षाच बंद झाली. आज इथे लोककलांचं संग्रहालय आहे, आणि हस्तिदंती कोरीवकामापुढे शाळेच्या सहलींची गर्दी असते.

हाँगकाँगमध्ये चान पहिल्या क्रमांकावर. तैवानमध्ये दर नऊ माणसांत साधारण एक छन. व्हिएतनाममध्ये तेच अक्षर ‘त्रन’ झालं. न्ग्वेन नंतर सर्वांत जास्त माणसं त्याचीच. तिथल्या त्रन राजांनी १२२५ ते १४०० राज्य केलं आणि मंगोलांना तीनदा परतवलं. तिसऱ्यांदा, १२८८ मध्ये, नदीच्या पात्रात खुंट रोवून ओहोटीत त्यांचं आरमारच अडकवलं. कोरियात तेच अक्षर ‘जिन’.

इंडोनेशियात जरा कडू प्रकरण. टॅन जो हॉक हा इंडोनेशियाचा पहिला ऑल इंग्लंड बॅडमिंटन विजेता, १९५९ सालचा. आपल्या प्रकाश पदुकोणच्या २१ वर्षं आधी. पुढे सुहार्तोच्या राजवटीत चिनी नावं टाकून इंडोनेशियन नावं घेण्याचा दबाव आला, आणि या देशाला मान मिळवून देणारा माणूस हेंद्रा कार्तानगारा झाला. काहींनी युक्ती केली. सुतांतो, हार्तांतो, तानोतो. जावाच्या वळणाची नावं. पुन्हा सावकाश वाचा, मध्ये ‘तान’ बसलेला आहे.

तेव्हा सगळे छन एका रक्ताचे का? छे. पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वे घराण्याच्या सम्राटाने आपल्या श्यानबेई, म्हणजे मूळच्या बिगर-चिनी, सरदारांना चिनी आडनावं घ्यायला लावली, तेव्हा ‘होउमोछन’ हे लांबलचक नाव तोडून नुसतं छन केलं गेलं. तैवानमध्ये १९४० च्या दशकात मूळनिवासींना चिनी आडनावं वाटण्यात आली, आणि कधी कधी सख्ख्या नातेवाइकांना वेगवेगळी मिळाली. कारकुनाच्या हातात जे आलं ते.

(दृश्य: सिनेमाचं जुनं पोस्टर. कॅमेरा हळूहळू नावाकडे.)

आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध चान? जॅकी चॅन. त्याचे वडील चीनमधल्या यादवीच्या धामधुमीत हाँगकाँगला पळाले आणि तिथे त्यांनी आडनाव बदललं. मुलाला हे कळलं तेव्हा तो चांगला मोठा, जगभर गाजलेला नट होता. घराण्याचं मूळ आडनाव फांग.