साष्टीतल्या हरवलेल्या लोहमार्गाचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी धावलेली आगगाडी आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, कारण तो मार्ग आजही चालू आहे. मुंबईच्या उपनगरांत मात्र आणखी एक लोहमार्ग होता, जो १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंदही झाला. ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारा, सुमारे १३ किलोमीटर लांबीचा हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जुनी जीआयपी, चालवीत असे. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे हे त्याचे एक नाव, आणि सेंट्रल साल्सेट ट्रामवे हे दुसरे. साष्टी म्हणजे मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत ते बेट, इंग्रजीत साल्सेट.

हा मार्ग कशासाठी हवा होता, हे नकाशा समोर धरला की लक्षात येते. जीआयपीची (आजच्या मध्य रेल्वेची) गाडी कुर्ल्यावरून ठाण्याकडे जाई, बीबीसीआयची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची, अंधेरीवरून विरारकडे, दोन्ही दक्षिणोत्तर. कुर्ल्याच्या माणसाला अंधेरीला जायचे तर आधी दादरपर्यंत खाली उतरायचे आणि मग दुसऱ्या गाडीने पुन्हा वर चढायचे, हा द्राविडी प्राणायाम आजचे प्रवासीही करतातच. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा साष्टीची ही गावे पुढेमागे शहरात येणार हे स्पष्ट झाले होते. त्या दृष्टीने पूर्व-पश्चिम जोडणारी गाडी ही दूरदृष्टीचीच गोष्ट होती. माझ्या मते तिचे चुकले ते एवढेच, की ती गिऱ्हाईक येण्याआधी आली. ट्रॉम्ब्याचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५० नंतरचे, ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ ची. आणि ज्या गर्दीने आज ही गाडी ओसंडून वाहिली असती, ती गर्दी तेव्हा या गावांत राहायलाच आलेली नव्हती.

आता तिच्या खुणा कुठे शोधायच्या? रूळ सापडतील ही आशा प्रथम सोडून द्यावी. मार्ग बंद झाला की सर्वांत आधी उचलले जाते ते लोखंड, कारण त्याला मोल असते. मागे राहते ती जमिनीची पट्टी. आगगाडीला रस्त्यासारखे काटकोनात वळता येत नाही, तिला लांबलचक, मंद वळण लागते आणि चढही फार सोसत नाही. म्हणून आजूबाजूच्या गल्ल्या आडव्यातिडव्या असताना मध्येच एखादा रस्ता किंवा कुंपणभिंतींची ओळ सावकाश वळत गेलेली दिसली, तर तिथे थांबून जुना सर्वेक्षण नकाशा उघडावा. सखल भागातला भराव आणि नाल्यावरची दगडी मोरी याही अशाच तपासण्याजोग्या जागा. अर्थात प्रत्येक वाकडी भिंत ही रेल्वेची खूण नसते. नकाशाचा दुजोरा नसेल, तर मोह आवरलेला बरा.

सर्वांत ठळक खूण मात्र उघड्यावर आहे. कुर्ल्याहून मिठी नदी ओलांडून कलिन्याकडे, मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीवरून जाणारा सीएसटी रस्ता आपल्या परिचयाचा असेल. या आद्याक्षरांचा बोरीबंदरच्या स्थानकाशी काहीही संबंध नाही, कारण त्या स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव १९९६ मध्ये मिळाले. रस्त्याच्या पाटीवर आहे तो सेंट्रल साल्सेट ट्रामवे, म्हणजे आपला हाच मार्ग. गाडी गेली, रूळ गेले, पाटी राहिली.

कलिन्याच्या उत्तरेला मात्र माग तुटतो, आणि तो का तुटतो हे सांगायला इतिहासकार लागत नाही. कुर्ला आणि अंधेरी यांमध्ये नकाशावर एक रेघ ओढा. ती विमानतळाच्या आवारातूनच जाईल. जुहूचा विमानतळ १९२८ चा, म्हणजे या लोहमार्गाचा समवयस्क. पुढे मोठ्या धावपट्टीसाठी सांताक्रूझची सपाट जमीन निवडली गेली, आणि लोहमार्गाची वाट तिच्या पोटात गेली. त्या कुंपणाच्या आत सामान्य माणसाने काही शोधावे अशी सोय नाही. तेवढ्या तुकड्यासाठी जुन्या नकाशावर नवा नकाशा ठेवून पाहणे हाच मार्ग. ज्यांना पायी हिंडायचे आहे, त्यांनी कुर्ला ते कलिना हाच टप्पा घ्यावा.

ट्रॉम्ब्याच्या टोकाला वेगळीच सावधगिरी हवी. माहुल-ट्रॉम्बे भागात मालगाड्यांचे रूळ दिसतात आणि उत्साही मंडळी त्यांनाच जुनी लाइन समजून बसतात. पण या भागातले कारखाने पुढच्या काळातले, आणि त्यांच्यासाठी टाकलेले फाटेही तितकेच नवे असू शकतात. तसेच कुर्ला-चेंबूरची रेल्वे ही १९२८ च्याही आधीची आहे. हे तीन थर एकमेकांत मिसळू न देणे, हेच तिथले खरे काम.

पूर्व-पश्चिम जोडणीची गरज मात्र संपली नव्हती. २०१४ मध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, आणि त्याच वर्षी सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ताही खुला झाला. चेंबूरहून त्या उंच पुलावरून येणारी वाहने कुर्ला ओलांडून उतरतात, ती याच सीएसटी रस्त्याच्या बाजूला.